गाडीत बसायचंय की माडावर चढायचंय?

गाडी ताब्यात आली त्याच रात्री मी टायर बघायला बसलो. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक थारवाल्याचं असंच झालंय. गाडी जुनी असो, सेकंडहँड असो, हप्ते अजून फिटायचे असोत, कंपनीचे टायर दिसले की वाटतं, शेरवानी घातलेल्या नवरदेवाला कुणीतरी बाथरूम स्लिपर घातल्यात!

माझी थार २०१६ची, सीआरडीई. आठवडाभर ती हिंजवडीच्या पार्किंगमध्ये धूळ खाते आणि महिन्यातून दोनदा कराड-मलकापूर-आंबा घाट करत रत्नागिरीला जाते. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या पुढे आमची वाडी. तिथं डांबर संपतं आणि कलमांच्या बागेकडे एक तांबडी वाट उतरते. पिकअप जाऊन जाऊन दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधोमध जांभ्याचा उंचवटा. त्या उंचवट्याला गाडीचं पोट घासायचं. खर्रर्र! तो आवाज थेट खिशात ऐकू येतो.

म्हणजे मला कारण मिळालं होतं. मोठे टायर हवेत, मोठ्या टायरला जागा हवी, जागा हवी तर सस्पेन्शन लिफ्ट हवी. लॉजिक एकदम टकाटक. फक्त क्रम चुकला होता, हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

आधी टायरचं गणित, कारण ते शाळेतलंच आहे आणि तरी कुणी करत नाही. माझ्या गाडीचा कंपनीचा साइज २३५/७० आर१६. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची भिंत त्याच्या ७० टक्के आणि रिम १६ इंची. उंची काढली तर साधारण ७३५ मिलिमीटर. मला हवा होता २४५/७५ आर१६, त्याची उंची ७७४. फरक जवळपास ३९ मिलिमीटर. ऐकायला झक्कास! पण त्यातला अर्धा भाग चाकाच्या मध्याच्या वर जातो. गाडी जमिनीपासून प्रत्यक्षात उचलली जाते १९ मिलिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढी. एवढ्यासाठी आपण पाच टायर घेतो (स्टेपनी धरून, आणि ती जड स्टेपनी मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर लटकते, हेही आधी कुणी सांगत नाही).

पुण्यातल्या एका गॅरेजने गाडी बघता बघता निकाल दिला, ‘सर, दोन इंच लिफ्ट मारू, टायर मख्खन बसतील.’ दुपारी गाडी दिली, संध्याकाळी घेतली. थार समोरून अशी दिसत होती की सिग्नलला लोक वळून बघत होते. मी पण काचेच्या बिल्डिंगांमध्ये स्वतःलाच बघत चाललो होतो. खोटं कशाला बोला.

पहिला धक्का आईने दिला. ती गाडीपाशी आली, दाराला हात लावला, फुटबोर्डकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काय रे हे? गाडीत बसायचंय की माडावर चढायचंय?’ आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं. कंपनीच्या उंचीला ती हँडल धरून, एक सुस्कारा टाकून चढायची. आता त्यात टायरचे १९ आणि लिफ्टचे ५० मिलिमीटर मिळवले होते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंच. शहरातल्या डॉक्टरकडे ती शेजाऱ्यांच्या रिक्षातून गेली. थार अंगणात उभी होती. सॉल्लिड दिसत होती.

दुसरा धक्का बागेच्या वाटेवर. चाकोरीत उतरलो, मधला उंचवटा आला आणि... खर्रर्र! दोन इंच लिफ्ट करूनसुद्धा? मग रत्नागिरीतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गाडी नेली. आयुष्यभर जीप आणि आंब्याच्या पिकअपचे पाटे बांधलेला माणूस. त्यांनी गाडीखाली बॅटरी मारली आणि विचारलं, ‘घासतं काय ते बघितलंत का कधी वाकून?’

नव्हतं बघितलं.

घासत होता तो मागचा डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोंबणारा लोखंडी गोळा. जुन्या थारला मागे सरळ अखंड अॅक्सल आहे, तो पाट्यांना बांधलेला. लिफ्ट केली की पाट्यांच्या वरची चासी आणि बॉडी उचलली जाते. अॅक्सल चाकांच्या मध्यालाच राहतो, गोळाही तिथंच. त्याला जमिनीपासून वर नेतो फक्त टायर, तेही माझ्या केसमध्ये १९ मिलिमीटर! लिफ्टने फायदा होतो तो बंपरला, चासीला, दोन चाकांमधल्या पोटाला. दगडावरून गाडी चढवताना नाक किंवा शेपूट टेकत असेल तर लिफ्ट कामाची. गोळा टेकत असेल तर लिफ्टला काही अर्थ नाही. हे एवढं वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

मग मेस्त्रींनी पुढची बाजू दाखवली. जुन्या सीआरडीई थारला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात आणि स्प्रिंगचं काम टॉर्शन बार करतो. पोलादी लांब दांडा, तो पिळला जातो आणि परत उलगडतो. त्याच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो आवळला की गाडीचं नाक वर. ना नवीन पार्ट, ना काही. पुण्यातल्या दुपारच्या ‘लिफ्ट’चा फंडा हाच होता. बोल्ट आवळून दांडा कडक होत नाही, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की चाक लटकून संपतं आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. मी इतके दिवस त्याला ‘स्पोर्टी राइड’ म्हणत होतो! त्यातच पुढच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट तिरके होतात. त्यांच्या सांध्यावरचं रबरी बूट सतत दुमडलेलं राहून फाटतं, ग्रीस उडून जातं आणि सांध्यात माती शिरते. माझं डावीकडचं फाटलेलंच होतं. आंबा घाटात वळणावर येणाऱ्या ‘कट् कट्’ आवाजाचं कोडं सुटलं. टायरची आतली कडही खाल्ली गेली होती, कारण उंची बदलून अलाइनमेंट केलीच नव्हती.

मागे लांब शॅकल टाकले होते. तिथलं गणितही मजेदार. अॅक्सल पाट्याच्या मध्यावर असतो आणि शॅकल एका टोकाला, म्हणून शॅकल चार इंच वाढवाल तेव्हा मागची बाजू दोन इंच उचलते. सोबत अॅक्सल किंचित फिरतो आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. शॉकप जुन्याच लांबीचे, ब्रेकचा होसही जुनाच. चाक पूर्ण खाली लटकलं की ताण त्या होसवर. आई बसली नाही ते एका अर्थी बरंच झालं.

मग लिफ्ट करायचीच नाही का? करा की, पण उलट्या टोकाने. आधी नेमकं काय टेकतं ते वाकून बघा. मग टायरचा साइज ठरवा, उसने मिळाले तर चढवून बघा. सपाट पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवून काही कळत नाही. घासतं ते चाक पूर्ण वळलेलं असताना आणि सस्पेन्शन दबलेलं असताना. एक चाक मातीच्या बांधावर चढवून, दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग मारा. लाल चिखलात फिरून आलात तर अजून सोपं. वील आर्चचं प्लॅस्टिक जिथं चकचकीत पुसलं गेलंय, तिथं टायर लागतोय. नुसती प्लॅस्टिकची कड लागत असेल तर ती कापून भागतं. वर लागत असेल तरच लिफ्ट, आणि लागतं तेवढीच. त्यातही स्प्रिंग, शॉकप, बंपस्टॉप एकमेकांना जुळणारे घ्या. नुसता स्पेसर किंवा नुसता बोल्ट नको. दोन इंचांच्या पुढे गेलात की ब्रेकचे होस, शाफ्टचे कोन, आर्म सगळी वरात मागे येते. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच, आणि तो घाटाच्या वळणावर कळतो.

गाडी कोणती यावरही बरंच अवलंबून. जुन्या जिप्सीला चारी बाजूंना पाटे, काम सोपं. जिम्नीला पुढेमागे अखंड अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग, तिथं लांब स्प्रिंग बसतात. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या थारला मागे कॉइल आहेत, पण पुढची चाकं स्वतंत्रच, म्हणजे तिरक्या शाफ्टची डोकेदुखी तिथंही. शिवाय तिच्या एलएक्सला कंपनीच २५५/६५ आर१८ देत आली, म्हणजे जवळपास ३१ इंची टायर. त्याच्यावर अजून काय पाहिजे बाबा!

आणि कायदा. हा भाग गॅरेजवाले हसून टाळतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. प्रत्येकी! टायर, लिफ्ट, बंपर असं मोजत बसा. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले काय विचारतील तेही डोळ्यांसमोर आणा.

मोठ्या टायरचा अजून एक गमतीचा परिणाम. माझा टायर ५ टक्के मोठा, म्हणजे मीटर ८० दाखवतो तेव्हा मी ८४ने जात असतो. उलट शंभर किलोमीटर गेलो की ओडोमीटर ९५ मोजतो. ‘अॅव्हरेज पडलं’ म्हणून मी डोकं धरून बसलो होतो, त्यातला काही भाग मीटरचा खोटेपणा होता. सगळा नाही. जड टायर फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो, घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागतो.

(जाता जाता एक. उंच गाडी हातात आली की सड्यावर मोकळी सोडायचा मोह होतो. नका करू. उक्षी, कशेळीसारख्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. जांभ्यात कोरलेल्या त्या रेघा गवतात पटकन दिसतही नाहीत, आणि एमटी टायरला तर नाहीच नाही.)

मेस्त्रींनी शेवटी टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, माझे लांब शॅकल काढून परत मोजलं. मग त्यांच्याकडे आलेल्या दुसऱ्या, कमी चाललेल्या थारचं मोजलं. मूळ उंचीला माझी गाडी मागून इंचभर बसलेली निघाली. पाटे दमले होते! आधीच्या मालकाने काय वाहिलं देव जाणे. म्हणजे मला लिफ्ट नको होती, गाडीची स्वतःची हरवलेली उंची हवी होती. नवे पाटे, नवे शॉकप, नवे बुश टाकले, पुढचा बोल्ट मूळ जागी आणला, बूट बदललं, अलाइनमेंट केली.

२४५/७५चे टायर दादाने घेतले. त्याच्याकडे नवी थार एएक्स, तिला कंपनीचा साइज नेमका तोच. कड खाल्लेल्या दोन टायरचे पैसे त्याने घासाघीस करून कापले, चुलतभाऊ असला तरी. माझ्या गाडीला मी कंपनीच्याच साइजमध्ये एटी टायर टाकले. एमटी दिसतात भारी, पण ओल्या डांबरावर त्यांचे मोठे ठोकळे कमी पकडतात, आणि आमच्याकडे चार महिने डांबर ओलंच असतं.

राहिला बागेतला उंचवटा. बाबांनी एवढे दिवस माझं टायरपुराण शांतपणे ऐकलं होतं. एका रविवारी त्यांनी चिऱ्याच्या खाणीवरून एक ट्रॉली कपच्या मागवल्या. सकाळभर मी, बाबा आणि दादा चाकोऱ्या भरत होतो, टिकावाने मधला उंचवटा तासत होतो. दुपारी जेवून गाडी काढली. आई हँडल धरून, सुस्कारा टाकून पुढच्या सीटवर बसली. खाली उतरेपर्यंत मी काचा उघड्या ठेवून कान टवकारून होतो. आवाज आला नाही.

‘चाकोऱ्या चार इंच भरल्या,’ बाबा मागून म्हणाले. ‘तुझ्या त्या लिफ्टवाल्याने किती घेतले होते रे?’