स्टार्टर मारा, पण आधी कान द्या

सेकंडहॅण्ड लक्झरी कारचा फंडा आपल्या पिढीला एकदम पाठ आहे. नवी असताना जिच्याकडे नुसतं बघत राहायचं, तीच गाडी सात-आठ वर्षांनी परवडेल अशा ईएमआयमध्ये दारात येते. लेदर सीट्स, सनरूफ, बोनेटवरचा लोगो... फुल टू स्टाइल! गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची मात्र उतरत नाही. हे कळतं बहुधा एखाद्या सकाळी, जेव्हा एका सेकंदात सुरू होणारं इंजिन सहा-सात सेकंद नुसतंच घरघरत राहतं.

धुळ्यातल्या माझ्या मामेभावाचं तेच झालं. गाडी जुनी जर्मन सेडान, पेट्रोलवरची. मामांना दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी नाशिकला न्यायचं, म्हणजे जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, तेही मे महिन्याच्या उन्हात. मागच्या सीटवर पेशंट आणि ढाब्यावरून निघताना इंजिन रुसलेलं, हे चालणार कसं? त्यानं बॅटरी बदलली, मग प्लग बदलले. फरक शून्य. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपनं पंप आणि सगळे इंजेक्टर बदलायचं सहा आकडी एस्टिमेट हातात ठेवलं. गाडी विकायचीच असं जवळपास ठरलं होतं.

त्याच्याबरोबर मी पारोळा रोडवरच्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी बोनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, ‘‘भाऊ, गाडी कव्हय रुसस? सकाये का दुपारे?’’ अहिराणीतला हा साधा प्रश्न म्हणजे अर्धं निदान आहे, हे पुढच्या तासाभरात माझ्या लक्षात आलं.

फिरत नाही की पेटत नाही?

‘गाडी लवकर स्टार्ट होत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळे आजार लपलेले असतात. स्टार्टर दमल्यासारखा ‘घर्र... घर्र...’ करत असेल, तर इंजिन मुळात नीट फिरतच नाही. मग संशय बॅटरी, तिची टर्मिनल्स, अर्थिंगची वायर आणि स्टार्टर यांच्यावर घ्यायचा. चांगली चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना आकडा ९.६ च्या बराच खाली गेला, तर बॅटरी तपासून घ्या. अनेक लक्झरी गाड्यांत बॅटरी डिकीत असते. तिथून पुढे येणारी लांब केबलही बघायची.

पण इंजिन झपाझप फिरतंय आणि तरी पेट घ्यायला वेळ लावतंय, तर बॅटरीला उगाच दोष देऊ नका. अडचण पेट्रोल, स्पार्क किंवा एखाद्या सेन्सरची आहे. आमच्या भावाची केस हीच होती.

सकाळी की दुपारी?

फ्युएल इंजेक्शन म्हणजे प्रेशरचा खेळ. टाकीतला पंप पेट्रोल ढकलतो आणि नेहमीच्या एमपीएफआय इंजिनात इंजेक्टरपाशी साधारण ३ बार किंवा त्याहून थोडं जास्त प्रेशर असतं. गाडी बंद केल्यावरही ते बराच वेळ टिकायला हवं. खान्देशात ज्याची विहिरीवर मोटार आहे, त्याला हे लगेच कळेल. फूटव्हॉल्व गळका असला की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी मोटार नुसतीच फिरते, पाणी येत नाही. गाडीच्या पंपातही असाच एक चेक व्हॉल्व असतो. तो गळला की सकाळी पहिल्या स्टार्टला वेळ लागतो.

दुपारचं दुखणं थोडं वेगळं. इंजिन बंद झालं की कूलंट फिरायचं थांबतं आणि बोनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. त्यात धुळ्याचा पारा चाळिशीपार! प्रेशर उतरलेलं असेल, तर गरम पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरमधून पुरेसं पेट्रोल येत नाही. दुसरा संशयित क्रँक सेन्सर. तापल्यावर तो दगा देतो. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जागचा हललाच नाही, तर आधी त्याच्याकडे बघा.

घरबसल्या करायच्या दोन टेस्ट

पहिली: चावी ‘ऑन’ करा, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा करून मग स्टार्टर मारा. बहुतेक गाड्यांत दर वेळी पंप थोडा चालून प्रेशर भरतो. यानंतर गाडी पटकन सुरू झाली, तर प्रेशर उतरतंय असं समजा.

दुसरी: साधा ब्लूटूथ स्कॅनर असेल, तर सकाळी इंजिन सुरू करण्याआधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मोठा फरक दिसला, तर एखादा सेन्सर खोटं बोलतोय. तो कॉम्प्युटरला चुकीचं तापमान सांगतो आणि पेट्रोलचं माप बिघडतं.

स्कॅनरवर एकही कोड नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. प्रेशर हळूहळू उतरण्याची नोंद बऱ्याच गाड्या करतच नाहीत. म्हणून तर अंदाजाने पार्ट बदलायची साथ पसरते.

आमच्या केसचा निकाल

भावाची गाडी सकाळीही रुसायची आणि दुपारीही. शिवाय सुरू होताना काळ्या धुराचा भपका आणि पेट्रोलचा वास. मिस्त्रींनी प्रेशर गेज लावला. इंजिन बंद केलं आणि काटा काही मिनिटांतच खाली आला. मग प्रेशर रेग्युलेटरची बारीक व्हॅक्युम नळी काढली, तर आतून पेट्रोलनं ओली! त्या नळीत फक्त हवा असायला हवी. रेग्युलेटरमधला रबरी पडदा फाटला होता आणि पेट्रोल तिथून थेट इंजिनात झिरपत होतं. पंप ठणठणीत होता, इंजेक्टरही. नव्या रेग्युलेटरचं बिल त्या एस्टिमेटच्या जवळपासही गेलं नाही.

यात जादू काही नाही. मर्सिडीजची ई-क्लास पुण्यात १९९५ पासून तयार होतेय, तर स्कोडाची ऑक्टाव्हिया २००१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातून बाजारात आली. इंजेक्शनची गाडी छोट्या शहरातल्या मिस्त्रींना आता नवी नाही. फक्त त्यांच्याकडे गेज आहे का आणि ते आधी प्रश्न विचारतात का, एवढं बघा. पेट्रोलची लाइन स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. आत प्रेशर असतं आणि शेजारी गरम इंजिन. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत तर ते शंभर बारच्याही पुढे जाऊ शकतं.

तोवर मोबाइलमध्ये आठवडाभर चारच गोष्टी टिपून ठेवा: किती सेकंद लागले, गाडी गार होती की गरम, धूर किंवा वास आला का आणि काटा हलला का. वर्कशॉपमध्ये ‘काय काय बदलायचं?’ विचारण्याआधी ही यादी पुढे करा. तुमचा पगार तुम्हाला दुवा देईल!