पुसलेली फाईल खरंच पुसली जाते का?

आजोबांची मराठी टिपणं, आज्जीनं सांगून उतरवून घेतलेली कन्नड पदं, लग्नाच्या याद्या... अशा मजकुराच्या फ्लॉप्या कित्येक घरांच्या माळ्यावर अजून पडून असतील. संगणक ‘फाईल नाही’ म्हणाला म्हणून त्या फेकू नका. आधी आतली रचना पाहू.

साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ कप्पे, म्हणजेच सेक्टर. एकूण सेक्टर २,८८० आणि एकेकात ५१२ बाइट. पहिला सेक्टर संगणक सुरू करण्यासाठी, पुढचे १८ ‘फॅट’ या खतावणीच्या दोन प्रतींसाठी, नंतरचे १४ फाईलींच्या नावांसाठी. मजकूर त्यापुढे.

डॉसमध्ये फाईल पुसली, तरी मजकूर जागेवरच राहतो. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा आकडा बसतो आणि खतावणीतल्या नोंदी शून्य होतात. दारावरची पाटी काढली, माणसं मात्र घरातच! त्या जागी नवी फाईल लिहिली गेली, तरच जुना मजकूर जातो.

साधा सी प्रोग्राम फाईल नावानं मागतो, म्हणून त्याला ती सापडत नाही. टर्बो सीमधलं ‘बायोसडिस्क’ हे फंक्शन डॉसला बाजूला ठेवून थेट बायोसकडे सेक्टर मागतं. बाजू आणि ट्रॅक शून्यापासून मोजायचे, सेक्टर मात्र एकपासून. मोटर वेग घेईपर्यंत वाचन फसू शकतं, म्हणून तीनदा प्रयत्न करावा. सेक्टर सलग असतील, तर फाईल पूर्ण हाती येते.

धोका एकाच आकड्याचा आहे. आज्ञा २ म्हणजे वाचा, ३ म्हणजे लिहा! म्हणून फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकती खिडकी आधी उघडी करा. ती उघडी असताना लिहिता येत नाही.

आजच्या ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट डॉस प्रोग्राम चालत नाहीत. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह जोडून लिनक्सच्या ‘डीडी’ आज्ञेनं आधी संपूर्ण प्रत काढावी आणि शोध त्या प्रतीवर घ्यावा.

आपल्यासारख्या दुभाषी घरांसाठी आणखी एक गंमत. १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणात मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांचा क्रमांक एकच, १७९. मजकूर त्या पद्धतीनं साठवला असेल, तर आकडे तेच, लिपी तेवढी निवडायची. खास फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराला मात्र तोच फॉन्ट लागतो.

चुंबकीय थर कायमचा टिकत नाही. पेटी या सुट्टीतच उघडा.