भोंग्यानंतरचे जीवन

खडकी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी ही नावे पुणेकरांना परिचित आहेत ती कारखान्यांमुळे. खडकीस 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि पिंपरीस 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हे उद्योग सुरू झाले. साठीच्या दशकात टेल्को, बजाज ऑटो असे मोठे कारखाने या परिसरात उभे राहिले. मराठवाडा, खानदेश, सोलापूर, सातारा अशा भागांतून सहस्रावधी तरुण येथे रोजगारासाठी आले. त्यांना वेतन मिळाले, कालांतराने हक्काचे घरही मिळाले. परंतु गावची तालीम, देवळातील भजन आणि जत्रेतील नाटक मागेच राहिले. ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली ती कारखान्यांतील क्रीडा व कला मंडळांनी.

ही कल्पना जगाला नवी नव्हती. जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे बायर कंपनीच्या कामगारांच्या मागणीवरून 1904 मध्ये क्रीडासंघ स्थापन झाला. हॉलंडमधील आइंडहोव्हन येथे फिलिप्सचा संघ 1913 मध्ये निघाला. आज हे दोन्ही युरोपातील नामवंत फुटबॉल संघ आहेत. मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लब 1937 पासून कार्यरत आहे, आणि टाइम्स शील्ड स्पर्धेत कंपन्यांचे क्रिकेट संघ परस्परांशी झुंजत आले. सुनील गावसकर निरलॉनचे, तर एकनाथ सोलकर मफतलालचे खेळाडू होते. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने वेगळीच वाट चोखाळली. तेथून 1920 मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे छोटेखानी वार्तापत्र पुढे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले.

येथे कायद्याची भूमिका ध्यानात घेण्याजोगी आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह आणि पाचशे किंवा अधिक असतील तेथे कल्याण अधिकारी आवश्यक ठरविला. खेळाचे मैदान किंवा नाटकाचा रंगमंच मात्र सक्तीचा केला नाही. जेथे मैदान झाले, तेथे ते मालकाच्या इच्छेने आणि कामगारांच्या उत्साहाने झाले.

कारखान्याबाहेरच्या करमणुकीसाठी 1953 च्या कामगार कल्याण निधी अधिनियमाने निराळी तरतूद केली. कामगारांकडून वसूल झालेले दंड आणि तीन वर्षांत ज्यांचे देणे चुकते झाले नाही अशा वेतनाच्या रकमा मालकाच्या तिजोरीत न राहता कामगारांच्या कल्याणास लागाव्यात, हे या निधीचे मूळ सूत्र होते. ज्याच्या घामाचा पैसा, त्याच्याच वर्गाच्या सुखासाठी तो खर्च व्हावा, हा न्याय कोणत्याही सचोटीच्या व्यापाऱ्यास सहज पटावा. या निधीवर चालणाऱ्या कल्याण मंडळाने कामगार केंद्रे चालविली, नाट्य, भजन व कबड्डीच्या स्पर्धा भरविल्या आणि कामाबरोबर समाजकार्यातही पुढे असणाऱ्यांसाठी ‘गुणवंत कामगार’ पुरस्कार सुरू केला.

पाळी संपवून तालमीस येणाऱ्या कामगारास या स्पर्धांनी काय दिले? यंत्रापुढे त्याची ओळख हजेरीपटावरील क्रमांकाची होती. रंगमंचावर तो राजा झाला, मैदानावर संघनायक झाला. एकाच संघात खेळणारे पर्यवेक्षक आणि मदतनीस दुसऱ्या दिवशी कामावर भेटले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात पूर्वीचा दुरावा राहिला नाही. कुटुंबियांसाठी कंपनीचे स्नेहसंमेलन हा वर्षाचा सण ठरला.

आज चित्र पालटले आहे. कायम कामगारांची जागा मोठ्या प्रमाणावर कंत्राटी कामगारांनी घेतली आहे. ज्याची नोकरी काही महिन्यांची, तो संघात रुजणार कसा? जुनी मंडळे टिकून आहेत तेथेही तरुण सभासद मिळविणे कठीण होत आहे.

हा विषय केवळ मोठ्या कारखान्यांचा, असे मानण्याचे कारण नाही. पाच किंवा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापनाही या निधीच्या कक्षेत येतात. जून व डिसेंबर अशा सहामाहीस ही वर्गणी द्यावयाची असते आणि मालकाचा वाटा कर्मचाऱ्याच्या तिप्पट असतो. म्हणजे मार्केट यार्डातील, भवानी पेठेतील किंवा लक्ष्मी रस्त्यावरील पेढीचे दिवाणजी, विक्रेते आणि मदतनीसही मंडळाच्या योजनांचे हक्कदार ठरतात. वर्गणी भरली जाते, तिची नोंद हिशेबात होते. परंतु मुलांच्या शिष्यवृत्तीपासून खेळ-नाटकाच्या स्पर्धांपर्यंत आपल्यासाठी काही आहे, हे त्या कर्मचाऱ्यास कोणी सांगतच नाही.

वर्षानुवर्षे पेढीवर राबणाऱ्या माणसाला गाता येते की कुस्ती खेळता येते, हे ठाऊक असलेले मालक किती निघतील? ते विचारण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही. येत्या सहामाहीची वर्गणी भरताना त्याला जवळ बसवून या योजनांची माहिती दिली, तर हिशेबाच्या वहीतील त्या छोट्या रकमेचे खरे चीज होईल.