गोळ्याच्या जागी वाटी, वाटीच्या जागी गोळा

उतारवयात अनेकांचा हात खांद्याच्या वर जाईनासा होतो. फळीवरचा डबा काढणे, केस विंचरणे, त्या कुशीवर झोपणे अवघड होते. ‘वय झाले’ किंवा ‘फ्रोझन शोल्डर असेल’ असे म्हणत वर्षे निघून जातात. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. खांदा आखडला असेल, तर दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. दुसऱ्याने उचलला तर जातो, पण आपला आपल्याला उचलता येत नाही, अशा वेळी ‘रोटेटर कफ’ फाटल्याची शंका घेऊन तपासणी करून घ्यावी.

रोटेटर कफ म्हणजे चार स्नायूंच्या कंडरांनी दंडाच्या हाडाच्या गोळ्याला घातलेला वेढा. खांद्याची वाटी अगदी उथळ असते. तिच्यात गोळा मधोमध धरून ठेवण्याचे काम हा वेढा करतो. तो मोठ्या प्रमाणात फाटला आणि स्नायू सुकून त्यांत चरबी भरली, की टाके घालूनही जोड टिकणे कठीण असते. मग खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू जोर लावतो, तेव्हा हाताऐवजी गोळाच वर सरकतो, वरच्या हाडावर घासतो आणि सांधा झिजतो. नेहमीचा कृत्रिम सांधा बसवला तरी हे सरकणे थांबत नाही. वाटीच्या कडेवर दाब येऊन ती सैल होते.

यावर फ्रान्समधील दिजाँचे शल्यविशारद पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास तोडगा काढला. त्यांनी सांधाच उलटा केला. धातूचा गोळा खवाट्याच्या वाटीवर बसवला आणि दंडाच्या हाडाच्या टोकाला वाटी लावली. त्यामुळे हात ज्या बिंदूभोवती फिरतो तो आत आणि खाली जातो, डेल्टॉइड ताणला जातो आणि त्याला जास्त तरफ मिळते. कफच्या मदतीशिवाय तो एकटा हात उचलू शकतो.

म्हणूनच डेल्टॉइड आणि त्याची नस शाबूत असणे ही या शस्त्रक्रियेची पहिली अट आहे. कफ फाटलेल्या प्रत्येकाला तिची गरज नसते. अनेकांना व्यायाम आणि फिजिओथेरपीने आराम पडतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. या काळात हात मागे टेकून खुर्चीतून उठू नये, सांधा निखळू शकतो. जंतुसंसर्ग, नसेला इजा आणि खवाट्याच्या हाडाला तडा जाणे हेही धोके आहेत.

वेदना बहुतेकांच्या कमी होतात, हात डोक्यापर्यंत पोहोचू लागतो. पाठीमागे हात नेणे मात्र अनेकांना जडच जाते. काष्टा खोचणे, मागची हुके लावणे पूर्वीसारखे जमेलच असे नाही. आपल्याला कोणती कामे परत हवी आहेत, हे शस्त्रक्रिया ठरवण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.