नागा माता आणि नगरपालिका

नागालँड राज्य १९६३ साली अस्तित्वात आलं. विधानसभेत पहिल्या दोन महिला आमदार पोहोचल्या त्या थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात स्त्रिया घरात बसून नव्हत्या. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘नागा मदर्स असोसिएशन’ने पुढच्या दशकात रक्तपात थांबवण्याची मोहीम काढली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सशस्त्र गटांशी या स्त्रिया बोलत राहिल्या. आईचं ऐकणं हे परंपरेला धरूनच होतं.

पण नगरपालिकांत ३३ टक्के जागा मागताच तीच परंपरा आडवी आली. राज्यघटनेचं कलम ३७१अ नागांच्या रूढींना संरक्षण देतं, म्हणून आरक्षण नको, असं पुरुषप्रधान आदिवासी संघटनांचं म्हणणं. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो, कारण नगरपालिका ही मुळात रूढीतून आलेली संस्थाच नाही. तरीही २०१७ मध्ये आंदोलन पेटलं, दिमापूरमध्ये गोळीबारात दोन तरुण दगावले, कोहिमात सरकारी कार्यालयं जळाली आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं.

अखेर जून २०२४ मध्ये, वीस वर्षांच्या खंडानंतर, महिला आरक्षणासह निवडणुका झाल्या. नव्या कायद्यात अध्यक्षपदं मात्र आरक्षणाबाहेर ठेवली आहेत.