वैतरणेच्या तोंडावरचं गाव

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पहाटे बर्फाच्या पेट्या उतरतात, तेव्हा त्यातला बोंबील कुठल्या बंदराचा हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. कल्ला उचलून लाल आहे का पाहायचं, भाव करायचा आणि पिशवी पुढे धरायची. मीही कित्येक वर्षं एवढंच केलं. अर्नाळ्याकडे माझं लक्ष गेलं ते मासळीमुळे नाही, पेशवाईच्या वाचनामुळे. आधी किल्ला भेटला, मग किल्ल्याच्या सावलीतलं गाव, आणि आता त्या गावाची काळजी काही केल्या मनातून जात नाही.

पुण्याहून सुमारे दोनशे किलोमीटरवर, विरारच्या पश्चिमेला, वैतरणा समुद्राला मिळते त्या मुखावर हे बेट आहे. १५१६ मध्ये गुजरातच्या सुलतानीत इथे कोट उभा राहिला, पुढे तो पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी बेट घेतलं. वसई पडायला अजून दोन वर्षं होती, पण वैतरणेचं तोंड ताब्यात आल्यावर पोर्तुगीजांची उत्तरेकडची वाट अडली. उत्तर दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. तिथल्या शिलालेखात बाजीरावाची आज्ञा पद्यात सांगितली आहे : पाश्चात्यांचा पाडाव करा आणि समुद्रात लवकर जंजिरा उभारा. आज्ञा सुटली पुण्याच्या दरबारातून. त्या मोहिमेतली घंटा पुण्याच्या माणसाला ठाऊक असते, भीमाशंकरच्या देवळात आपण ती पाहतो. मागे राहिलेलं बेट मात्र आपण विसरलो.

तट आजही भक्कम आहे. आत त्र्यंबकेश्वराचं नि भवानीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे. दक्षिणेला मुख्य कोटापासून सुटा, एकटाच किनाऱ्यावर उभा राहिलेला गोल हनुमंत बुरूज आहे. वस्ती मात्र तटाबाहेर, पुळणीवर. ग्रामपंचायतीचं नावच ‘अर्नाळा किल्ला’, त्यामुळे इथला माणूस ‘किल्ल्यावर जातो’ म्हणतो तेव्हा तो घरी निघालेला असतो.

बेट दूर नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून घरं डोळ्यांना दिसतात, मध्ये फक्त खाडीचं पाणी. पूल नाही, सगळा व्यवहार होडीचा. पाणी ओसरलं की होडी अलीकडेच टेकते आणि उतारूंनी कपडे वर खोचून पाण्यातून चालत यायचं, ही इथली वर्षानुवर्षांची रीत. गॅसची टाकी, सिमेंटची पोती, आजारी म्हातारी, कॉलेजला निघालेली मुलगी, सगळ्यांची वाट हीच. बाळंतपण भरतीची वेळ पाहून येत नाही. दुर्गमपणा आपण किलोमीटरमध्ये मोजतो. इथे तो गुडघाभर पाण्यात मोजावा लागतो.

भरती-ओहोटीवर नुसती ये-जा नाही, पोटही अवलंबून आहे. इथली जुनी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांबलचक जाळं. तोंड रुंद, मागे निमुळतं होत जाणारं, शेपटाकडची वीण अगदी बारीक. ते समुद्रात खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी धरायचं. माशाच्या मागे धावायचं नाही, पाणीच मासा आणून देतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हा जाळं भरतं. अष्टमीच्या भांगाला पाणी मरगळतं आणि जाळंही. म्हणून कोळ्याच्या घरात चंद्राच्या तिथी पंचांगाशिवाय पाठ असतात. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही डोलीची मासळी.

बोंबलाच्या अंगात जवळजवळ सगळं पाणीच, तो टिकत नाही. उरलेला बोंबील बायका जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या मांडवावरच्या दोऱ्यांना टांगतात, दोन-तीन उन्हं देतात. त्यासाठी लागते मोकळी, वाऱ्यावरची जागा. म्हणजे पुळण. आणि या बेटाची पुळणच सरते आहे.

पश्चिमेच्या बाजूनं समुद्र आत येतो आहे. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांत इथली घरं पडली आहेत, पायाखालची वाळू निघून गेली आहे. कारण एकच आहे असं म्हणता येणार नाही, पण वाळूचा हिशेब मांडून पाहावा. नदीच्या मुखावरची पुळण नदीनं आणलेल्या गाळावर जगते. वैतरणेच्या खोऱ्यात तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून आणि मध्य वैतरणा २०१४ पासून मुंबईसाठी पाणी अडवतात. धरण पाणी अडवतं तेव्हा वाळूही अडवतं. जी खाली सुटते, तिच्यावर वैतरणेच्या खाडीत रेतीउपशाचे पंप बसतात. वर समुद्राची पातळी वाढते आहे आणि अरबी समुद्रातली वादळं बळावली आहेत. मे २०२१ च्या तौक्ते वादळानं हा सगळा किनारा हादरवला. मुंबईचा नळ आणि मुंबईची इमारत, दोन्हींची किंमत या बेटानं किती मोजली, याचा हिशेब सरकारनं मांडायलाच हवा, असं मला वाटतं.

घर मागे सरकवावं तर कुठे? २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं मुख्य भूमीजवळच्या बेटांवर भरतीरेषेपासून २० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरवला. किनारा राखायला असा नियम हवाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण भरतीरेषाच आत सरकली की पट्टाही तिच्याबरोबर आत सरकतो. पुढून समुद्र येतो, मागून नियम, आणि त्याच्याही मागे पुरातन तट. धूपप्रतिबंधक बंधारा ही गावाची जुनी मागणी आहे. नुसती दगडाची भिंत घातली तर लाट शेजारच्या वाळूवर जाऊन आपटते, म्हणून बंधाऱ्यासोबत वाळूचं भरणंही आखावं लागेल. १७३७ मध्ये समुद्रात तट उभारायला राज्याला सवड मिळाली होती. तो तट शत्रूसाठी होता, हा माणसांसाठी लागणार आहे.

मासळीचंही तेच. पापलेट सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा झाला, कारण तो कमी होऊ लागला होता. त्याच वर्षी माशांच्या किमान आकाराचे नियम आले : १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायचं नाही. इथे डोलीवालाही दोषी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बारीक विणीत पापलेटची पिल्लं ढिगानं येतात. पण त्याचं जाळं एका जागी बांधलेलं असतं. पर्ससीन जाळ्याचं आणि बंदी घातलेल्या एलईडी दिव्यांचं जहाज थवाच्या थवा वळवून नेतं. दोघांना एकाच मापानं तोलणं अन्यायाचं आहे. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी गावानं पाळायची आणि ऑगस्टमध्ये रिकामा समुद्र पाहायचा, असं होता कामा नये.

किनाऱ्यानं पन्नासेक किलोमीटर उत्तरेला वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. ७६ हजार कोटींहून मोठा प्रकल्प, त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. सातपाटी-डहाणूचा हा पट्टा मच्छीमार गोल्डन बेल्ट म्हणून ओळखतात. मासे तिथे अंडी घालतात आणि पिल्लं तिथे वाढतात. भरावाचा धक्का पन्नास किलोमीटरवरच्या जाळ्याला लागणार नाही, असं कोळ्याला पटवून देणं अवघड आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दरानं वीज, कर्ज, विमा यांची दारं त्यानं उघडतील. निर्णय चांगला आहे. मात्र शेतकऱ्याच्या नावावर सातबारा असतो. बोंबील सुकवणाऱ्या बाईच्या नावावर ना होडी, ना पुळण. तिचा मांडव उधाणात वाहून गेला तर भरपाईच्या कुठल्या रकान्यात बसवणार?

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलाची ‘अर्नाळा’ ही पाणबुडीविरोधी युद्धनौका दाखल झाली, सुमारे ७७ मीटर लांब. नाव याच किल्ल्याचं. बातमी वाचून छाती भरून आली. त्याच जूनमध्ये अर्नाळ्याच्या होड्या बंदीमुळे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या आणि गाव पश्चिमेच्या उधाणाकडे डोळे लावून होतं. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होतो आणि ऑगस्ट सरता सरता गणेश पेठेत पुन्हा ताजा बोंबील येतो. हल्ली मी विक्रेत्या मावशींना आधी बंदर विचारतो.