चित्रांचं पुस्तक लपवायचं कशाला?



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक चालू होती. एक ताई बचतीच्या वहीआड काहीतरी वाचत होती, मधेच खुदकन हसली. पाहिलं तर कॉमिक! सगळ्यांच्या नजरा वळताच म्हणाली, "पोराला वाचून दाखवायचं आहे, म्हणून पाहत होते." पोरगा दहावीत आहे.

आम्ही हसलो. मग वाटलं, तिला खोटं का बोलावं लागलं?

कॉमिक म्हणजे चौकटीचौकटीने पुढे सरकणारी गोष्ट. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ फुगा आणि फुग्यात त्याचं बोलणं. म्हणजे कागदावरचं नाटकच. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात. धान कापून थकलेली माणसं चादर घेऊन रात्रभर मंडपात बसतात. "एवढी मोठी झालीस, नाटक कशाला पाहतेस?" असं कुणी विचारत नाही.

चित्रं फक्त पोरांची, असं कुणी म्हटलं तर 'भीमायन' दाखवा. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं हे चित्रपुस्तक २०११ साली इंग्रजीत निघालं. चित्रं काढली मध्य प्रदेशातल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंत जोडप्याने. दुर्गाबाई लहानपणी आजीकडून भिंतीवरची चित्रं शिकल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या पुस्तकात मायेने बोलणाऱ्यांचा फुगा पाखरासारखा आहे आणि जातीवरून हिणवणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. तहानलेल्या लहान भीमाला पाणी नाकारणारे शब्द कसे डसतात, ते एकही अक्षर न वाचता कळतं.

पण "ज्ञान मिळतं म्हणून वाचते" असं म्हटलं, तर तीही सफाईच झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायचा. त्यातून ज्ञान मिळवायला कुणी बसत नव्हतं. चार चित्रं पाहायची, हसायचं आणि कामाला लागायचं.

आपल्याला प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यायची सवय लागली आहे. मोहफुलं वेचायला गेलो तर किती किलो? माहेरी गेलो तर किती दिवस? पुरुष दोन तास पानठेल्यावर बसला, तर त्याला कोण विचारतं? गटाच्या पैशाचा हिशेब चोख ठेवू. हसण्याचा हिशेब मात्र कुणाला द्यायचा नाही.

पुढच्या बैठकीला त्या ताईने कॉमिक उघड वहीवर ठेवलं. वसुली झाली, सह्या झाल्या आणि आम्हीच विचारलं, "हं, पुढं काय झालं?"